संध्याकाळची बेल

लॉकडाऊन लागला आणि संजीवरावांचं ऑफिस मल्हारगंजातल्या त्यांच्याच घरात येऊन बसलं. पण त्यांच्या ऑटिस्टिक मुलाला, बावीस वर्षांच्या पियुषला, ते काही पटेना. बाबा संध्याकाळी बेल वाजवून घरी आले नाहीत, तर त्याच्या लेखी दिवस संपतच नसे. मग तो जेवायलाही बसेना, नुसता दारापाशी येरझाऱ्या घाली.

शेवटी मंजुषाताईंनीच तोड काढली. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याच्या हातात रिकामा डबा देऊन त्याला जिन्यात पाठवू लागल्या. जरा वेळानं बेल वाजे, पियुष दार उघडी आणि विचारी, "बाबा, राजवाड्यावर ट्रॅफिक जाम होता का?"

"होता ना, बहोत," असं म्हटल्याशिवाय आत प्रवेश नाही.

समोरचे शेजारी खिडकीतून हसत, "क्यों भिया, आ गए?" संजीवराव आत येऊन कुरकुरत, "पार तमाशा करून ठेवलाय माझा."

रविवारी मात्र या तमाशाला सुट्टी असे. अशाच एका रविवारी मायलेक कॅरम खेळत असताना बेल वाजली. या दिवसांत कोण आलं, म्हणून मंजुषाताई दचकल्या. पियुषनं दार उघडलं, तर बाहेर डबा घेऊन संजीवराव उभे.

"आज रविवार आहे. ऑफिस बंद असतं," पियुष दार अडवून म्हणाला.

संजीवरावांनी बायकोची नजर चुकवली.

"ओव्हरटाइम होता, बेटा."