डोमाजीचा ओतीव दगड

दीपाताईंनी हातोडी उचलली आणि डोमाजी दोन पावलं मागं सरकला. कारण समोरचा दगड त्याचा नव्हताच.

म्हणजे घरचाच होता, पण त्यानं ओतलेला नव्हता. ओतलेला दगड सकाळी साचा उघडल्याबरोबर शिऱ्यासारखा खाली बसला आणि आतून मुंग्यांची रांग निघाली. चुन्यात गूळ जास्त झाला होता. डॉक्टरनं गोड बंद केलं म्हणून घरातला सगळा गूळ दगडात घालणारा शहाणा अख्ख्या तालुक्यात डोमाजी एकटाच.

गावाबाहेरचं पडकं हेमाडपंती देऊळ जुन्या लोकांनी दगड घडवून बांधलं नाही, चुना-राख कालवून दगड साच्यात ओतले, असं त्याचं म्हणणं. सांध्यात सुई जात नाही, जवळपास तसली खाण नाही, मग दुसरं काय? कालव्यावर चौकीदारी करून रिटायर झालेल्या माणसाला हे सांगितलं कोणी, असं लोक विचारत. ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो लग्नात सांगे, चहाच्या टपरीवर सांगे, मयतीत सांगे. तिरडीवरचा सोडून बाकी सगळे उठून जात. त्या देवळाचे दगड गावानं केव्हाच घरोघरी नेले होते, कोणी गोठ्याला, कोणी उंबऱ्याला, आणि वर डोमाजीलाच येडा म्हणत.

शेवटी गावातल्या बुद्धविहाराच्या पायऱ्या बांधायच्या ठरल्या. समितीचा अध्यक्ष संघदीप म्हणाला, काका, एक दगड करून दाखवा. नागपूरहून जुन्या बांधकामांच्या जाणकार दीपाताई येणार आहेत, त्यांनी पास केला तर पायऱ्या तुम्ही ओता. आणि नाही केला तर? कोणीतरी विचारलं. डोमाजी भर सभेत बोलून गेला, तर मरेपर्यंत दगडाचं नाव काढणार नाही. टाळ्या नेमक्या याच वाक्याला पडल्या.

म्हणून आज मुंग्या पाहिल्यावर त्यानं न्हाणीपाशी पडलेला बायकोचा धुण्याचा दगड उचलला. काळा, घरातल्या तीन पिढ्यांच्या सुनांनी कपडे आपटून गुळगुळीत केलेला. मथुराबाई पाण्याला गेली होती. पोत्यात गुंडाळून, सायकलवर टाकून त्यानं तो विहारात आणला. दीपाताई वरून हात फिरवतील, वा म्हणतील, जेवायला जातील, असा त्याचा अंदाज. हातोडीचा विचार त्यानं केलाच नव्हता. विचार करणं हे त्याचं काम नव्हे. तो संशोधक होता.

टवका उडाला. दीपाताईंनी भिंग लावलं. तुटल्या जागेवर बाटलीतल्या आम्लाचे थेंब टाकले, तसा फेस आला. मग त्यांनी टवका उलटून पुन्हा भिंगाखाली धरला. डोमाजीनं मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवायला घेतलं.

"हा खाणीतला दगड नाही," त्या म्हणाल्या. "हा ओतलेला आहे. चुना आहे, राख आहे, आणि हे बघा, पोटात भाताचं तूस. खाणीतल्या दगडात तूस कुठून येईल?"

एकच कल्ला झाला. बाईंसाठी आणलेला हार संघदीपनं काकांच्याच गळ्यात घातला. येडा म्हणणारे पाया पडायला वाकले. डोमाजी मात्र तोंड वासून उभा. तूस? त्यानं तर तूस घातलंच नव्हतं. आणि मग त्याला आठवलं, हा दगड घरात आला कुठून ते.

अरे देवा, म्हणजे ते खरंच होतं! जन्मभर जे बडबडलो त्याचा पुरावा समोर फसफसत होता. सांगावं तर आपण लबाड. न सांगावं तर मान आपला, हार आपला, आणि देऊळ बिचारं पुन्हा खाणीतलंच. रडावं की नाचावं, त्याला कळेना.

तेवढ्यात पदर खोचून, ओल्या धुण्याची बादली घेऊन मथुराबाई फाटकात उभी राहिली. दगड शोधत ती सायकलच्या चाकोरीनं आली होती. तिनं दगड ओळखला. नवऱ्याच्या गळ्यातला हार पाहिला. मग ओठावर आलेलं सगळं गिळून ती मुकाट्यानं मागं वळली. नवऱ्याची अब्रू झाकून चालली होती बिचारी. डोमाजीला भडभडून आलं.

"अवं, थांब," तो म्हणाला. "आज चूप राहू नको. सांग याह्यले, हा दगड कोणाचा होय अन् कुठून आणलता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"माह्या धुण्याचा होय," मथुराबाई म्हणाली. "आजेसासऱ्यानं बैलबंडीत घालून देवळातून आणलता."

दीपाताई भिंग पुन्हा उचलून दगडापुढं मांडी घालून बसल्या. डोमाजीनं गळ्यातला हार काढला आणि धुण्याच्या दगडावर ठेवला.

"पैज हरलो बाप्पा," तो म्हणाला. "आता म्या दगडाचं नाव काढत नाही. कायले काढू? आता तोच बोलून राह्यला."