अंगावरचं सगळं

चमचा ओठांपर्यंत गेला आणि तसाच भरलेला परत आला.

"आई, एक घास. माझ्यासाठी," मुलगी म्हणाली.

आईने चादर नाकापर्यंत ओढून घेतली. नुसते डोळे बाहेर राहिले. ते मुलीच्या चेहऱ्यावर नव्हते. तिच्या मांडीवरच्या पर्सवर होते.

"बघ," खिडकीशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "शुद्धीवर आल्यापासून तिची नजर तुझ्या पर्सवरून हलत नाही. आई आहे ती. ओळखून आहे तुला."

"पर्समध्ये काय आहे ते तुलाही ठाऊक आहे, दादा. वर तुझीही सही आहे."

पर्समध्ये एक जाड खाकी पाकीट होतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं, तिला ऑपरेशनला नेलं, तेव्हा सिस्टरने तिच्या अंगावरचं सगळं उतरवून या पाकिटात घातलं होतं आणि "जपून ठेवा हं" असं बजावून ते मुलीच्या हातात दिलं होतं. मुलाने तिथल्या तिथे त्याला चिकटपट्टी लावायला लावली आणि पट्टीवर दोघांनी सह्या केल्या. सोन्याच्या बांगड्या आणि सख्खी भावंडं एका ठिकाणी आली की विश्वासाला चिकटपट्टी लागतेच. तेव्हापासून मुलगी पर्स क्षणभरही खाली ठेवत नव्हती आणि मुलगा पर्सवरून लक्ष काढत नव्हता. आईकडे बघायला दोघांनाही तेवढा वेळ कमी पडत होता.

आईचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. नवरा गेल्यावर ते तिने एकटीने चालवलं, आणि मुलं आपापल्या घरी गेल्यावरही चालवलं. हसू हे तिचं भांडवल. नुसता भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा ती एकदा हसली की गरजेपेक्षा जास्त कापड घेऊन जायचं. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती बराच वेळ आत असायची. "आरशाला कापड विकत असेल," असं मुलं म्हणायची. दार उघडलं की ते हसू तयार होऊनच बाहेर यायचं. त्याच्याशिवायची आई दोघांनीही कधी पाहिली नव्हती.

आता हसू नव्हतं आणि शब्दही नव्हता. काही विचारलं की आई ओठ आणखी घट्ट मिटायची. कुणी पाहत नसताना पेल्यातलं पाणी आणि थोडंफार दूध तेवढं संपायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी अंडी सांगितली, मुलीने अंडी आणली. मग मुलाने सगळ्यात महागाची प्रोटीनची पावडर आणली. मग मुलीने तिच्याहून महागाची शोधून काढली. डबे वाढत गेले, आई घटत गेली. व्यायाम घेणाऱ्या बाई वॉकर घेऊन यायच्या. आईचे पाय वाऱ्यातल्या दोरीवरच्या कपड्यांसारखे थरथरायचे आणि ती मटकन खाली बसायची. पाठीवर लाल चट्टा उठला होता. ऑपरेशनची जखम ओली ती ओलीच होती.

डॉक्टरांनी दोघांना दाराबाहेर बोलावलं.

"हाड मी जोडलंय. पण ते भरून यायला माल आतून यावा लागतो. उधारीवर हाडं जुळत नाहीत," ते म्हणाले आणि मग आवाज उतरवून बोलले, "पडल्यावर काही म्हातारी माणसं जगण्याचा नादच सोडतात. उद्या नाकातून नळी घालून बघू. पण छातीत कफ भरायला लागलाय. जवळचं कोणी असेल तर बोलावून घ्या."

जवळचं म्हणजे हीच दोघं. भिंतीला टेकून ती उभी राहिली. बऱ्याच वर्षांनी एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं: दोघंही रडली.

"दादा," डोळे पुसत मुलगी म्हणाली, "तिच्या बांगड्या तिला घालू या. लंकेची पार्वती होऊन नको जायला तिने."

मुलाने मान हलवली. आत येऊन मुलीने पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"तू फोड."

"नको. तूच फोड."

शेवटी दोघांनी मिळून ओढलं आणि दोन्ही सह्या फाटल्या. बांगड्या बाहेर आल्या. मोजायचं कुणालाच सुचलं नाही. मुलीने एक आईच्या हातात चढवली. पूर्वी साबण लावल्याशिवाय न जाणारी ती बांगडी मनगटावरून थेट कोपरापर्यंत घरंगळली. मुलाने तोंड फिरवलं.

आईने बांगडीकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा हात चादरीवरून सरपटत पाकिटापर्यंत गेला. मुलगी "काय हवंय आई?" म्हणेपर्यंत तिने ते ओढलं आणि उलटं केलं. उरलेल्या बांगड्या खणखणत जमिनीवर गेल्या. मागोमाग एक निळी प्लास्टिकची डबी तिच्या छातीवर पडली. आईने ती दोन्ही हातांनी झाकली, मान भिंतीकडे वळवली आणि चादर डोक्यावरून घेतली.

आत काहीतरी टक् वाजलं.

चादर खाली आली. डबी उघडी होती, रिकामी होती. आणि दुकान उघडताना असायचे तसे आईचे सगळे दात जागच्या जागी होते.

"भांडून झालं असेल," ती म्हणाली, "तर आता कोणीतरी मला जेवायला वाढा."