बाईंची खूण

"मास्तर, तीन-तीन उद्गारचिन्हं कशाला? वाचणारा बहिरा आहे का?"

फोनच्या पलीकडून हसू आलं. "जोरात सांगायचं होतं, बाई."

"एकात भागतं. आणि 'आणि'मधला णि ऱ्हस्व. किती वेळा सांगू?"

"अजून एकदा सांगा."

बाईंनी सांगितलं. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. नऊ वर्षांपूर्वी छापखाना बंद पडला आणि त्याच वर्षी नवराही गेला. आता मुलगा-सुनेच्या घरी, खिडकीशी बसून, त्या एका संकेतस्थळाचे लेख तपासत.

मास्तर म्हणजे शिंपी. बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दर आठवड्याला शिवणकामावर लेख लिहायचे. त्यांना अक्षरओळख झाली पंचेचाळिशीत, मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवरून. त्यामुळे त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ लग्नातल्या पाहुण्यांसारखे, जागा मिळेल तिथे बसायचे. तीन वर्षं बाई त्यांना उठवून जागेवर बसवत होत्या.

"गेल्या लेखात एकोणीस चुका होत्या," बाई म्हणाल्या. "मालकांचा नवा नियम ठाऊक आहे ना? पुढच्या लेखात पाचाच्या वर गेलात, तर सदर बंद."

"संपादिकाबाईंनी सांगितलं." मास्तरांनी आवाज खाली आणला. "बाई, पुढचा लेख तेवढा सुलटा वाचाल का?"

"सुलटं वाचलं की मन अर्थामागे पळतं आणि चूक हातची सुटते. छापखान्यात मला हेच पहिलं शिकवलं. शेवटच्या शब्दापासून धरायचं आणि एकेक शब्द मागे यायचं. वाक्यं संपादिका बघते, शब्द मी."

"आम्हीही शिवण कपडा उलटा करूनच तपासतो. पण अंगात सुलटाच घालतात, बाई."

"फार बोलायला लागलात. लेख पाठवा."

"पाठवतो. खूण पडली तर बरंच. नाही पडली, तरी मी काही विचारणार नाही."

बाईंना वाईट वाटलं. सदर गेलं तर दर मंगळवारचा हा फोनही जाणार होता. पण नियम तो नियम. त्यांची खूण पडली की लेखातला काना-मात्रासुद्धा कोणी हलवत नसे. तीस वर्षांत त्यांनी एकही खूण मागे घेतली नव्हती, आणि ओळखीपाळखीवर एकही दिली नव्हती.

दोन दिवसांनी लेख आला. मथळा होता 'कॉलर उलटवण्याची पद्धत'. बाईंनी चहा बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि तळापासून सुरुवात केली.

काही शब्द मागे आल्यावर 'आयुष्य' आला. ष पोटफोड्या, बरोबर. त्याच्या मागे 'उरलेलं'. टिंब जागेवर. 'की' दीर्घ. 'आणि' ऱ्हस्व! बाई गालात हसल्या. स्वल्पविराम आधीच्या शब्दाला चिकटलेले, मोकळी जागा त्यांच्या पुढे. सगळ्या लेखात उद्गारचिन्ह एकही नाही.

मथळ्यापर्यंत पोचल्या तेव्हा चुकांची पाटी कोरी होती. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा तळाशी जाऊन वर आल्या. मग ठसठशीत खूण केली आणि लेख पाठवून दिला.

लगेच संपादिकेचा फोन आला. "काकू, खूण नक्की ना? चढवू लेख?"

"अगं, दोनदा तपासलाय."

"पूर्ण वाचलात?"

"एक शब्द सोडलेला नाही."

"मग चढवते," संपादिका म्हणाली. तिचा आवाज का कोण जाणे, ओला वाटला. पोरीला सदराची काळजी होती तर, बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोळ्या आणायला गेल्या. औषधवाला काउंटरमागून उठूनच उभा राहिला.

"काकू, अभिनंदन! या वयात हे जमवलंत, मानलं तुम्हाला."

लेख सगळीकडे वाचला जातोय हे पाहून बाई सुखावल्या. "तीन वर्षं मेहनत घेतली त्यांच्यावर. आता खोट काढायला जागा नाही."

"क्या बात है!" औषधवाला म्हणाला आणि गोळ्यांसोबत खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या फुकट दिल्या.

घरी येताहेत तोच नणंदेचा फोन. "वहिनी, आम्हाला आधी सांगायचं तरी!"

"मलाच कुठे ठाऊक होतं? कालच पुढ्यात आलं."

"आणि लगेच होऊनही गेलं?"

"घाई नाही हो केली. दोनदा नीट पाहिलं, मगच खूण केली."

"तू खूण केलीस म्हणजे आता ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाहीस." नणंदेने नाक ओढलं. "मला आनंदच झालाय बघ. फार एकटी पडली होतीस."

बाई फोनकडे बघत राहिल्या. एकटेपणाचा इथे काय संबंध, त्यांना कळेना.

सून दारात उभी होती. हातात मोबाइल, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"आई, मास्तरांचा लेख तुम्ही वाचलात ना?"

"शेवटापासून सुरुवातीपर्यंत."

"मग आता बसा, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐका."

बाई खिडकीशी बसल्या. सून वाचू लागली. कॉलरची शिवण कशी उसवायची, झिजलेली बाजू आत कशी घ्यायची, टाके कसे घालायचे. मग तिचा आवाज हळू झाला.

"'कॉलर उलटवली की जुना शर्ट पुन्हा उभा राहतो. माणसाचंही तसं होत असावं. मला अक्षरं जागेवर बसवायला शिकवणाऱ्या बाईंना तोंडाने विचारायचं धाडस होत नाही, म्हणून लिहून विचारतो. बाई, उरलेलं आयुष्य माझ्यासोबत काढाल का? नको असेल, तर खूण न करता लेख परत पाठवा. मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि वाचकहो, हा लेख तुमच्यासमोर आला असेल, तर बाई हो म्हणाल्या आहेत.'"