मागचं डावं चाक

घड्याळजींच्या गाडीच्या तीन चाकांचं क्रोम शाबूत होतं. मागच्या डाव्या चाकाचं मात्र नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटत चाललं होतं.

"चारही एकाच दिवशी बसवलेली," गॅरेजवाला म्हणाला. "मग हे एकटंच कसं म्हातारं झालं हो?"

"रोज सकाळी पुसतो."

"आणि बाकीची?"

घड्याळजी हातातल्या फडक्याची घडी घालू लागले.

"आता फडकं लावलंत तर उरलंसुरलंही जाईल. जरा हात आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी गाडी उलट्या तोंडाने लावली आणि बादली घेऊन ते आता रस्त्याच्या बाजूला आलेल्या मागच्या उजव्या चाकाशी उकिडवे बसले. दातांच्या डॉक्टरीणबाई रोज याच वेळी समोरचा दवाखाना उघडत. आज कुलपात किल्ली तशीच ठेवून त्या रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सोललेल्या चाकावरून बोट फिरवलं.

"सहा वर्षांत एक चाक," त्या म्हणाल्या. "चारही संपेपर्यंत मी सत्तरीला टेकेन. ते फडकं ठेवा खाली. लग्नाला माझा होकार आहे."