तपासणीचा हात

"डावा हात मनगटापासून कापावा लागेल," माझी पट्टी सोडत सर्जन पाठारे म्हणाले. "रोज सकाळी क्ष-किरणांच्या यंत्रापुढे धरायचात ना? आता भोगा."

धरायचोच. पडद्यावर माझी हाडं, लहानपणी मोडलेली वाकडी करंगळीसुद्धा, स्पष्ट दिसली की यंत्र नीट चालतंय हे कळायचं. मगच कॅन्सरचा पेशंट आत घ्यायचो. दुसरी रीत कुणालाच ठाऊक नव्हती.

"ही डॉक्टरकी नाही, फोटोवाल्याचा धंदा आहे," ते खेकसले. "कॅन्सर सुरीनेच जातो."

"मग तुमच्या सुरीने हात टेकले की पेशंट माझ्या तळघरात का पाठवता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझा हात कापला.

महिन्याभराने मी तळघरात यंत्र सुरू केलं आणि तपासायला उजवा हात पुढे केला. तेवढ्यात पाठारे आत आले आणि त्यांनी एक पुडकं टेबलावर आदळलं.

"यापुढे यावर तपासा. दुसरा हात कापायला मला वेळ नाही."

ते दार आपटून गेले. पुडक्यात तारेने जोडलेली, स्वच्छ घासलेली हाताची हाडं होती. करंगळी वाकडी होती.