तबकडीतला खोकला

"संगीत अमर असतं!" बँडमास्तर गरजले आणि त्यांच्या पँटचं बटण तुटलं.

त्यांचा बँड ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवरचं स्विंग, म्हणजे नाचाचं जॅझ, हुबेहूब वाजवायचा, अगदी चुकांसकट. एका तबकडीत मध्येच कुणीतरी खोकतं आणि तिथून पुढे क्लॅरिनेट ऐकूच येत नाही.

"जावईबापू, तिथे तुम्हीच खोकायचं आणि पुढे वाजवायचं नाही," मास्तर क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले.

"पण मामा, माझा शेवटचा तुकडा ऐकायला तुमची लेक येणार आहे."

"तबकडीत नाही, म्हणजे नाही!"

कार्यक्रमात खोकला आपोआप आला. जावयानं तरीही हट्टानं फुंकर मारली. सूर उमटला नाही. घाबरून त्यानं हाक मारली, तीही उमटली नाही. समोर बायको दुसऱ्याच कुणाबरोबर खुशीत नाचत होती.

मास्तर त्याच्या आरपार बघत ड्रमवाल्याला म्हणाले, "ती रिकामी खुर्ची जरा मागे घ्या हो, नाचणाऱ्यांच्या पायात येतेय."