पितळी ताटासाठी दिवा

"हा कड्यासारखा गोल दिवा घेऊ नका," दिवेवाला बूशता म्हणाला. "फोनवर दिसताना चेहऱ्याला झकास, पण पितळेला नाही. चकचकीत ताटात अख्खं कडं दिसेल, आणि कड्यामागे बसलेलं माणूसही. त्यापेक्षा ही पांढऱ्या कापडाची पेटी घ्या. उजेड मऊ पडतो, ताटात काही उमटत नाही. किंमत तीच, दोनशे दिऱ्हाम."

यामनाने दोन्ही दिवे नीट निरखले.

"मागे बसलेलं माणूस स्पष्ट दिसेल?"

"नाकडोळ्यांसकट दिसेल, बाई!"

"मग गोलच द्या."

बूशताने कपाळावर हात मारला आणि दिवा बांधून दिला.

दोनशे दिऱ्हाम दिराने, अब्दलहकने, मोजून दिले होते. त्याचं मोरोक्कोतल्या फेस शहराच्या बाजारात भांड्यांचं दुकान, आणि त्यातलं प्रत्येक ताट यामनाने कोरलेलं. नवरा जिवंत होता तोवर ताटामागे दोघांची नावं असायची. तो गेला आणि चाळिसाव्या दिवशी दिराने स्वतःच्या नावाचा ठसा करून आणला. "बाईच्या हातात हातोडी बरी दिसत नाही, वहिनी." गेल्या वर्षी जत्रेत उत्तम कारागिराचा, ‘मअल्लम’चा, मान त्याने मिरवला, तेव्हा पाहुण्यांना पुदिन्याचा चहा देत फिरत होती ती यामनाच. त्या दिवसापासून तिच्या पोटात आग होती. लोकांदेखत त्याचं नाक कापल्याशिवाय ती विझणार नव्हती.

आता कासाब्लांकातल्या एका मोठ्या हॉटेलची मालकीण, लल्ला बदिया, फोनवरून थेट ताटं पाहणार होती. हॉटेलच्या भिंतीवर ताटं लागणार आणि खाली कारागिराचं नाव.

दुपारच्या नमाजानंतर अब्दलहक नवा जेल्लाबा घालून दुकानात बसला. समोर गोल दिवा, दिव्याच्या मधोमध फोन.

"वहिनी, तू दिव्यामागे बसून ठोकत राहा. कारखाना चालू आहे असं वाटलं पाहिजे. ऐकू ये, दिसू नकोस."

"बरं, भावजी," यामना म्हणाली. छिन्नी-हातोडी घेऊन ती दिव्यामागे बसली. खांदा कड्याच्या जरा बाहेर ठेवला.

फोनवर लल्ला बदिया दिसली. अब्दलहकने कडेला वेलबुट्टी, मध्ये आरशासारखं कोरं असलेलं ताट छातीशी धरलं.

"हे या हातांचं काम, लल्ला. रात्र रात्र डोळे फोडले आहेत."

दिव्यामागून टक टक, टक टक.

लल्ला बदिया पुढे वाकली. "मअल्लम, ताटात ती कोण दिसतेय?"

अब्दलहकने ताट उलटसुलट केलं. ताट जिकडे वळे तिकडे उजेडाचं कडं, आणि कड्याशेजारी खाली मान घालून कोरणारी यामना.

"ती? ती वहिनी आमची," तो हसला. "दिवा धरायला बसवलीय."

"दिवा तर आपोआप उभा आहे. ती कोरतेय!"

"शिकतेय हो. मीच शिकवतो."

"वा! मग एक पान कोरून दाखवा ना. तुमचे हात पाहायचेत मला."

टक टक थांबली. अब्दलहकने घाम पुसला. पळवाट नव्हती. यामनाच्या हातातली छिन्नी-हातोडी त्याने जवळजवळ ओरबाडून घेतली, ताट मांडीवर ठेवलं, छिन्नी टेकवली आणि हाणली. छिन्नी सटकली. कोऱ्या पितळेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा उठला.

ताट आणि हत्यारं खाली टाकून अब्दलहक उभा राहिला.

यामना उठली. ओढणीला हात पुसले आणि दिव्याला वळसा घालून फोनसमोर येऊन बसली. त्याच ओरखड्याचा तिने चार ठोक्यांत देठ केला आणि त्यावर एक पान उमटवलं.

"नाव काय तुमचं?" लल्ला बदियाने विचारलं.

"यामना." तिने दिराकडे वळून पाहिलं. तो अजून तसाच उभा होता. "भावजी, तुमची सावली ताटावर पडतेय. दिव्यामागे जाऊन बसा. आणि दिसू नका."